पैसे कमावता का, हा प्रश्नच चुकीचा

ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड (सोर्स) सगळ्यांना खुला असलेला, डेटाबेस वापरणाऱ्या कंपनीला कधी ना कधी विक्रेत्याचा मेल येतो: "आमचं सॉफ्टवेअर तुम्ही व्यावसायिक कामासाठी वापरता का?" उत्तर अर्थातच "हो". कंपनी दुसरं काय करणार? लगेच पुढचं वाक्य येतं: "मग तुम्हाला कमर्शियल लायसन्स लागेल." खरेदी विभाग धास्तावतो. डेव्हलपर म्हणतात, "ओपन सोर्स आहे, काही लागत नाही." कायदा विभाग फाइल दाबून बसतो. यातलं कुणीच पूर्ण बरोबर नसतं, कारण सगळे एका चुकीच्या प्रश्नाचं उत्तर शोधत असतात.

ओपन सोर्स कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या दहा कलमी व्याख्येतलं सहावं कलम सांगतं की कुठल्याही क्षेत्रातल्या वापराविरुद्ध भेदभाव करता येणार नाही. "धंद्यात वापरू नका" अशी अट घातली की तो परवाना ओपन सोर्स उरतच नाही. म्हणजे सॉफ्टवेअर खरोखर ओपन सोर्स असेल, तर तुम्ही त्यावर नफा कमावता की धर्मादाय दवाखाना चालवता, याने काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो एकाच गोष्टीने: तुम्ही ते सॉफ्टवेअर कुणाच्या हाती सोपवता, आणि कशाशी जोडून सोपवता. काही नव्या परवान्यांत यात आणखी एक गोष्ट येते, तेच सॉफ्टवेअर इंटरनेटवरची सेवा म्हणून विकता का ही. पण ती पुढे.

मायएसक्यूएल या डेटाबेसचं (पूर्वी मायएसक्यूएल एबी कंपनीचा, आता ओरॅकलचा) उदाहरण घेऊ, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच आहे. ते जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतं; प्रत दुसऱ्याला दिली तर सोर्सही द्यायचा, हा त्याचा गाभा. त्या परवान्याच्या शून्य क्रमांकाच्या कलमातच म्हटलंय की प्रोग्राम चालवण्यावर बंधन नाही. हा परवाना नक्कल करणं, बदल करणं आणि वाटप करणं एवढ्याबद्दलच बोलतो. तेव्हा तुमच्या वेबसाइटवर कोटभर ग्राहक असोत, मागे चारशे रेप्लिका (डेटाच्या नकला ठेवणारे सर्व्हर) असोत, सर्व्हरच्या कोडमध्ये तुम्ही स्वतःचे बदल केलेले असोत, जोवर सर्व्हरची प्रत तुमच्या संस्थेबाहेर जात नाही तोवर जीपीएल तुमच्याकडे काही मागत नाही. ग्राहकाला ब्राउझरमध्ये पान दिसतं, म्हणजे त्याला प्रत मिळाली असं नव्हे.

प्रत बाहेर जाते कधी? समजा, एखादी कंपनी हजेरी घेणारं यंत्र विकते. पत्र्याच्या डबीत छोटा बोर्ड, त्यावर लिनक्स, त्यात मायएसक्यूएलचा सर्व्हर आणि वर कंपनीचं सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं बंद ॲप्लिकेशन. डबी विकली की सर्व्हरची प्रत विकली. डबी फुकट दिली, प्रात्यक्षिकासाठी महिनाभर ग्राहकाकडे ठेवली, तरी प्रत गेलीच. आता जीपीएलचं तिसरं कलम लागू होतं. या नेमक्या बायनरीशी, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रामशी, जुळणारा संपूर्ण सोर्स, तो बांधणाऱ्या बिल्ड स्क्रिप्टसकट, सोबत द्या. किंवा मागेल त्याला तो देऊ असं लेखी वचन द्या, किमान तीन वर्षांसाठी वैध. हे वचन फक्त गिऱ्हाइकापुरतं नसतं, कुणीही तिसरा माणूस त्यावर सोर्स मागू शकतो.

गाडी अडते ती इथल्या बारीकसारीक गोष्टींत. पहिली डबी निघाली तेव्हाच्या सर्व्हरचा सोर्स जपून ठेवलेला असतो, पण पुढे दुरुस्तीच्या अपडेटमधून नवी आवृत्ती पाठवली जाते आणि तिचा सोर्स कुणी बाजूला काढलेला नसतो. कुणा इंजिनिअरने बोर्डाच्या कमी मेमरीसाठी दोन फाइलींत केलेला पॅच त्याच्याच लॅपटॉपवर राहतो. विक्री कराराच्या ठरावीक मसुद्यात "या उत्पादनाचा कोणताही भाग दुसऱ्याला देता येणार नाही" असं छापलेलं असतं. हे वाक्य सर्व्हरलाही लागू झालं तर ते थेट जीपीएलच्या सहाव्या कलमाच्या विरुद्ध जातं, कारण घेणाऱ्याच्या हक्कांवर जादा बंधन घालायला ते कलम मनाई करतं. आणि दुसऱ्या आवृत्तीच्या चौथ्या कलमाप्रमाणे उल्लंघन झालं की परवाना आपोआप संपतो. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदा चुकणाऱ्याला नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत चूक सुधारली तर हक्क परत मिळतात. दुसऱ्या आवृत्तीत अशी सोय नाही. कमर्शियल लायसन्स विकणाऱ्याची वाटाघाटीतली ताकद बरीचशी या एका फरकातून येते.

डबीच्या जागी डॉकर इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं थरांथरांत बांधलेलं गाठोडं) ठेवा, हिशोब तोच. ग्राहकाच्या रजिस्ट्रीत, म्हणजे इमेज साठवायच्या कोठारात, इमेज ढकलली की वाटप झालं. त्यात एक गंमतही आहे: वरच्या लेयरमध्ये एखादी लायब्ररी पुसून टाकली तरी खालच्या लेयरमध्ये ती शाबूत असते आणि ग्राहकापर्यंत पोचते. "आम्ही ती काढली आहे" असं म्हणून भागत नाही, इमेज मुळापासून नव्याने बांधावी लागते.

हे सगळं नीट केलं, तर सर्व्हरपुरतं पैसे द्यायचं कारण उरत नाही. खरा वाद असतो डबीतल्या बंद ॲप्लिकेशनचा. ते स्वतंत्र काम आहे, की सर्व्हरशी जोडलं गेल्यामुळे तेही जीपीएलखाली येतं? जीपीएलमध्येच म्हटलंय की एकाच माध्यमावर शेजारी शेजारी ठेवल्याने दोन प्रोग्राम एक होत नाहीत. जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं म्हणणं असं की सॉकेट, पाइप आणि कमांड लाइन ही साधारणपणे दोन वेगळ्या प्रोग्राममधल्या संवादाची साधनं आहेत. पण देवाणघेवाण फारच जिव्हाळ्याची असेल, आतल्या गुंतागुंतीच्या रचना एकमेकांना दिल्या जात असतील, तर दोघांना एक मानायला आधार मिळतो. "फारच" म्हणजे किती, हे कुठल्या परवान्यात लिहिलेलं नाही.

कोर्टाने तरी सांगितलं का? एकदा संधी आली होती. २००२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या जिल्हा न्यायालयात एका बाजूला मायएसक्यूएल एबी आणि दुसऱ्या बाजूला प्रोग्रेस सॉफ्टवेअर व तिची कंपनी न्यूस्फिअर असा खटला सुनावणीला आला. न्यूस्फिअरने जेमिनी नावाचं स्टोरेज इंजिन (डेटा साठवण्याचं काम करणारा भाग) मायएसक्यूएलला जोडून वाटलं होतं. प्रश्न हाच: जेमिनी मायएसक्यूएलपासून निपजलेलं काम, की स्वतंत्र? न्यायाधीशांनी ट्रेडमार्कच्या मुद्द्यावर अंतरिम मनाई दिली. जीपीएलच्या मुद्द्यावर वस्तुस्थितीचा वाद आहे म्हणून मनाई दिली नाही. पुढे दोन्ही पक्षांनी तडजोड केली. प्रश्न जिथे होता तिथेच राहिला, आणि त्यावर विक्रीची भाषा फोफावली. माझ्या मते ज्याला कमर्शियल लायसन्स म्हणतात त्याच्या नावाखाली अनेकदा या धुक्यातून सुटका विकली जाते. त्यात गैर काही नाही, पण विकणाऱ्याने तसं सांगावं.

धुकं टाळायचं तर ड्रायव्हरपासून, म्हणजे ॲप्लिकेशनला सर्व्हरशी बोलता यावं म्हणून जोडलेल्या लायब्ररीपासून, सुरुवात करावी. मायएसक्यूएलची अशी क्लायंट लायब्ररी पूर्वी एलजीपीएलखाली होती, म्हणजे बंद प्रोग्रामलाही जोडू देणाऱ्या सौम्य परवान्याखाली. चौथ्या आवृत्तीच्या सुमारास ती जीपीएलखाली गेली. परिणाम ताबडतोब दिसला: पीएचपी या वेबसाइट लिहायच्या भाषेच्या पाचव्या आवृत्तीसोबत ती लायब्ररी देणं बंद झालं, कारण पीएचपीचा परवाना जीपीएलशी जुळत नव्हता. मग २००४ मध्ये कंपनीने इतर ओपन सोर्स परवान्यांसाठी खास अपवाद काढला. तो अपवाद आजही वेगळ्या नावाने आहे, पण बंद सॉफ्टवेअरला तो लागू होत नाही. पुढे पीएचपीने स्वतःचा नेटिव्ह ड्रायव्हर लिहिला आणि ५.३ आवृत्तीत आणला.

म्हणून बंद ॲप्लिकेशन वाटणाऱ्याने पहिल्यांदा पाहायचं ते सर्व्हर कोणता हे नव्हे, आपल्या प्रोग्राममध्ये काय लिंक झालं (जोडलं गेलं) आहे ते. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये ओरॅकलची क्लायंट लायब्ररी असेल तर मारियाडीबी या मायएसक्यूएलमधूनच निघालेल्या डेटाबेसचा सी कनेक्टर घ्या, तो एलजीपीएलखाली आहे. जावात ओरॅकलचा कनेक्टर जीपीएल आणि अपवाद असा आहे, मारियाडीबीचा एलजीपीएल. पायथॉनमधला पायमायएसक्यूएल एमआयटी परवान्याचा. गो भाषेतला रूढ ड्रायव्हर मोझिला परवान्याचा, ज्यात फक्त त्या ड्रायव्हरच्याच फाइली, तुमच्या बदलांसकट, उघड कराव्या लागतात. एलजीपीएलवर गेलात तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा. लायब्ररी डायनॅमिक लिंक करा (वेगळी फाइल, चालवताना जोडली जाणारी), म्हणजे ग्राहकाला ती बदलता येईल. आणि करारातल्या "रिव्हर्स इंजिनिअरिंगला सक्त मनाई" या वाक्याला फाटा द्या, कारण लायब्ररीतले बदल तपासण्यापुरतं रिव्हर्स इंजिनिअरिंग करू द्यावं अशी एलजीपीएलची अट आहे. तांत्रिक बाजूने बहुतेक वेळा अडतं ते लॉगिनवर. मायएसक्यूएल ८ मध्ये पासवर्ड तपासायची मूळ पद्धत बदलली. मारियाडीबीच्या कनेक्टरमध्ये तिच्यासाठी वेगळी प्लगिन फाइल असते, ती इन्स्टॉलरमध्ये घ्यायची राहिली की चाचणीच्या मशीनवर सगळं चालतं आणि ग्राहकाकडे ऑथेंटिकेशन प्लगिन लोड होत नाही म्हणून एरर येते. मग कुणीतरी वैतागून जुनी लायब्ररी परत घालतं, आणि परवान्याचा प्रश्न गुपचूप परत येतो.

एका परिस्थितीत मात्र वादाला जागाच नाही. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत एम्बेडेड सर्व्हर लायब्ररी मिळायची. ती जोडली की अख्खा डेटाबेस तुमच्याच प्रोसेसमध्ये चालायचा. असं बंद ॲप्लिकेशन वाटायचं तर सोर्स उघडा किंवा लायसन्स विकत घ्या, तिसरा रस्ता नाही. ८.० मध्ये ती लायब्ररी काढून टाकली गेली, पण जुनी उत्पादनं अजून विकली जातात. स्टोरेज इंजिन किंवा सर्व्हरच्या आत लोड होणारं प्लगिन लिहून बंद ठेवणाऱ्यालाही मी हाच सल्ला देईन: वकिलावर खर्च करण्याआधी लायसन्सचा भाव विचारा.

कारण दुहेरी परवाना हा मुळात रोखठोक व्यवहार आहे. आम्ही उघडं देतो, तुम्हीही उघडं द्या. बंद ठेवायचंय तर पैसे द्या. मला त्यात अन्याय दिसत नाही. मात्र ही सूट देऊ शकतो तो फक्त कॉपीराइटचा मालक, हे भलेभले विसरतात. मारियाडीबी मायएसक्यूएलमधूनच फुटून निघालं, त्यातला मूळ कोड ओरॅकलच्या मालकीचा. त्यामुळे मारियाडीबी सर्व्हरला जीपीएलमधून सूट देणारं लायसन्स मारियाडीबीची कंपनी विकूच शकत नाही. ती विकते ते सबस्क्रिप्शन, म्हणजे सेवा. हीच गोची एकदा खुद्द मायएसक्यूएल एबीवर आली होती. इनोडीबी हे त्यांचं सर्वात महत्त्वाचं स्टोरेज इंजिन फिनलंडच्या इनोबेस कंपनीचं होतं, आणि ऑक्टोबर २००५ मध्ये ओरॅकलने ती कंपनी घेतली. जीपीएलखालचं इनोडीबी कुणी काढून घेऊ शकत नव्हतं, पण मायएसक्यूएल एबी ज्या बंद परवान्याखाली ते विकत होती त्याचा करार आता प्रतिस्पर्ध्याच्या हाती होता. पुढे मायएसक्यूएल एबी सन कंपनीकडे गेली, आणि ओरॅकल सनला विकत घेत होती तेव्हा युरोपियन कमिशनसमोर ओरॅकलने डिसेंबर २००९ मध्ये दहा जाहीर आश्वासनं दिली. स्टोरेज इंजिन बनवणाऱ्यांवर केवळ ठरलेला इंटरफेस वापरल्याबद्दल कमर्शियल लायसन्सची सक्ती करणार नाही, हे त्यांतलं एक. मुदत पाच वर्षांची होती, ती केव्हाच संपली.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांना यातलं काहीच भोगावं लागत नाही. तिथला परवाना बीएसडी या मोकळ्या परवान्याच्या वळणाचा: कॉपीराइटची सूचना ठेवा आणि डबीत घाला, बंद करा, विका. नव्या उत्पादनासाठी डेटाबेस निवडत असाल आणि तो ग्राहकाकडे जाणार असेल, तर तांत्रिक तुलनेच्या तक्त्यात हा रकाना सर्वात वर हवा. एसक्यूलाइट हा डेटाबेस तर सार्वजनिक मालकीचाच आहे, परवानाच नाही. तरी त्याची निर्माती कंपनी सहा हजार डॉलरला मालकीची हमी देणारा कागद विकते. परवाना नाही म्हणजे धोका, असं वाटणारे कायदा विभाग तो घेतात. विक्रेत्याने स्वच्छ सांगितलंय की याची गरज नाही. असा प्रामाणिकपणा या बाजारात दुर्मीळ.

आता सेवा विकण्याचा मुद्दा. जीपीएलच्याच घराण्यातल्या एजीपीएल परवान्याचं तेरावं कलम जीपीएलहून एक पाऊल पुढे जातं: सॉफ्टवेअर तुम्ही बदललंत आणि लोक नेटवर्कवरून ते वापरतात, तर त्यांना बदललेला सोर्स द्या. बदललं नसेल तर हे कलम जागंच होत नाही, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. मोंगोडीबी हे डेटाबेस सॉफ्टवेअर एजीपीएलवर होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ते कंपनीने स्वतः लिहिलेल्या एसएसपीएल परवान्यावर गेलं. तिथे सॉफ्टवेअरची क्षमता सेवा म्हणून दिलीत, की देखरेख, बॅकअप, होस्टिंग, इंटरफेस असं सेवेचं सगळं सॉफ्टवेअर उघडावं लागतं. ओपन सोर्स इनिशिएटिव्हकडे दिलेला मान्यतेचा अर्ज कंपनीने २०१९ मध्ये मागे घेतला. पण तुमच्या ॲपच्या मागे मोंगोडीबी नुसतं डेटा साठवत असेल, ग्राहकाला डेटाबेस म्हणून ते मिळत नसेल, तर एसएसपीएलनेही तुम्हाला काही लागत नाही. ड्रायव्हर अपाचे या मोकळ्या परवान्याचे आहेत. "एसएसपीएल आहे म्हणून पैशांची एंटरप्राइज आवृत्ती घ्या" हा सल्ला बहुतेकांसाठी निव्वळ चुकीचा असतो.

रेडिस या डेटाबेसच्या बाबतीत धोका वेगळाच आहे. ७.२ पर्यंत बीएसडी, ७.४ पासून एसएसपीएल किंवा कंपनीचा स्वतःचा परवाना. आठव्या आवृत्तीत त्या दोहोंच्या जोडीला एजीपीएल. नाव तेच, पॅकेज तेच. बिल्ड स्क्रिप्टमध्ये आवृत्ती न लिहिता "लेटेस्ट" लिहून ठेवलं, तर एका रात्री तुमच्या इमेजचा परवाना बदलतो आणि एकही चाचणी नापास होत नाही. संस्थेच्या आतल्या वापराला यातलं काही झोंबत नाही, इमेज ग्राहकाला देणाऱ्याला झोंबतं. बीएसडी हवाच असेल तर मार्च २०२४ मध्ये लिनक्स फाउंडेशनखाली रेडिसमधून फुटलेलं वाल्की आहे.

बिझनेस सोर्स लायसन्सला मात्र ओपन सोर्स म्हणू नये. मारियाडीबीच्या कंपनीने २०१६ मध्ये डेटाबेस सर्व्हरांपुढे बसणाऱ्या मॅक्सस्केल या आपल्या उत्पादनासाठी ते आणलं, पुढे कॉक्रोचडीबीसारख्या डेटाबेसवाल्यांनी उचललं. सोर्स दिसतो, पण प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष कामात) वापर फक्त "ॲडिशनल यूज ग्रँट" या एका ओळीत लिहिलाय तेवढाच. ही ओळ प्रत्येक कंपनीची वेगळी. मॅक्सस्केल २.० ला मर्यादा होती ती मागे तीनपेक्षा कमी सर्व्हर असण्याची. जास्तीत जास्त चार वर्षांनी ती आवृत्ती ओपन सोर्स होते, आणि प्रत्येक आवृत्तीचं घड्याळ स्वतंत्र. इथे कमर्शियल लायसन्स लागण्याचा संबंध वाटपाशी नाही, वापराशीच आहे. म्हणजे सुरुवातीला ज्याला मी चुकीचा प्रश्न म्हटलं, तो या परवान्यांत बरोबर ठरू शकतो. कॉक्रोचडीबीने २०२४ मध्ये मोफत कोअर आवृत्तीच बंद केली. फुकट वापर उरला तो वर्षाला एक कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या कंपन्यांना, तोही टेलिमेट्री (वापराची माहिती कंपनीला आपोआप पाठवणं) चालू ठेवण्याच्या अटीवर.

खरेदीच्या टेबलावर सर्वात मोठी फसगत शब्दाची होते. "कमर्शियल लायसन्स" या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात: जीपीएलमधून सूट, बंद सुविधा आणि सपोर्ट. मायएसक्यूएल एंटरप्राइजचं सबस्क्रिप्शन घेतलं म्हणजे डबीत घालून विकायची मुभा मिळाली, असं समजणाऱ्या कंपन्या आहेत. ते सबस्क्रिप्शन स्वतःच्या कामकाजापुरतं असतं. वाटपासाठी ओईएम करार, म्हणजे आपल्या उत्पादनात घालून विकायचा करार, वेगळा. पैसे भरूनही उल्लंघन, अशी ही अवस्था.

उलटही घडतं. थ्रेड पूल (एकाच वेळच्या अनेक जोडण्या सांभाळणारी सोय) किंवा ऑडिट लॉग (कुणी काय केलं याची नोंद) यांसाठी कुणीतरी एंटरप्राइजची तीस दिवसांची चाचणी प्रत उतरवतं आणि ती प्रॉडक्शनमध्ये राहते. हे पकडणं सोपं आहे: सर्व्हरला व्हर्जन कमेंट हे व्हेरिएबल विचारा, कम्युनिटी (मोफत) की एंटरप्राइज ते तिथेच लिहिलेलं असतं. सगळ्या सर्व्हरवर ही एक क्वेरी चालवायला दुपार पुरते. परत फिरताना मात्र घाई नको. टेबलस्पेस एन्क्रिप्शनच्या किल्ल्या एंटरप्राइजच्या कीरिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या की व्हॉल्टमध्ये असतील, तर आधी त्या कम्युनिटीत चालणाऱ्या फाइल कीरिंगमध्ये हलवा, मग बायनरी बदला. क्रम उलटा झाला तर सर्व्हरला एन्क्रिप्ट केलेली टेबलं उघडता येत नाहीत. पण फाइल कीरिंग म्हणजे किल्ली कुलपाशेजारीच ठेवणं. सुरक्षेचा नियम ते चालवून घेत नसेल तर एंटरप्राइजला पैसे देण्याचं ते सबळ कारण आहे. ऑडिट आणि थ्रेड पूल पर्कोना कंपनीच्या मायएसक्यूएलवर आधारलेल्या सर्व्हरमध्ये जीपीएलखाली मिळतात.

तर विक्रेत्याचा मेल आला की "व्यावसायिक वापर" या शब्दांवर हो-नाही करत बसू नका. लेखी विचारा: आमच्या कोणत्या कृतीमुळे, परवान्याच्या कोणत्या कलमाखाली, कोणत्या आवृत्तीसाठी लायसन्स लागतं? उत्तरात वाटप किंवा लिंकिंगचं कलम आलं तर उत्पादनाच्या इंजिनिअरला बोलवा आणि वरची ड्रायव्हरची यादी उघडा. सुविधेचं नाव आलं तर ती कुठल्या सर्व्हरवर चालू आहे ते तपासा. आणि उत्तरात कलमाऐवजी "मनःशांती", "चोवीस तास मदत" असे शब्द आले, तर तो मेल कायदा विभागाकडे पाठवायचं कारण नाही. तो सपोर्टचा प्रस्ताव आहे. त्याची तुलना इतर सपोर्ट देणाऱ्यांच्या दराशी करा.